घरान कोन कोन हाय?

ठाण्यात बाळकुमला नव्या जागेत राहायला गेलो त्याच आठवड्यात मी राँग साइडने स्कूटर घातली, आणि घातली ती नेमकी आमच्या घरमालकांच्या अंगावर.

लागलं कोणालाच नाही. पण ते हललेच नाहीत, हे मला तेव्हाही विचित्र वाटलेलं. अंगावर गाडी आली की माणूस मागे सरकतो, शिवी देतो, निदान डोळे तरी मिटतो. हे तसेच उभे. पांढरा फुल शर्ट, खाली चौकड्यांची लुंगी, आणि माझं पुढचं चाक त्यांच्या दोन पावलांच्या मधे येऊन थांबलेलं. 'सॉरी काका, जरा घाई होती' हे वाक्य माझ्या तोंडात कायम तयार असायचं. ते बाहेर पडायच्या आत त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि हात माठासारखा गार. मग थोडं वाकून, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसल्या आवाजात त्यांनी विचारलं,

"घरान कोन कोन हाय?"

मला वाटलं, भाडेकरूची चौकशी चाललीय. जागा एजंटने दाखवलेली, सह्या त्यानेच घेतलेल्या, तेव्हा हे राहून गेलं असणार. मी उत्साहाने सगळं सांगितलं. बायको, ती घरी शिकवण्या घेते. मुलगी पहिलीत. आई डोंबिवलीला भावाकडे असते, अधूनमधून येते. शिवाय वर, "आमच्याकडे पाहुणे फार नसतात हं काका, पाण्याची काळजी करू नका."

माझं बोलणं चाललेलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. पाठ करत असल्यासारखे. मग "बरं" म्हणाले, मुठीवरचा हात उचलला आणि बाजूला झाले. मी पुढे गेलो. राँग साइडनेच.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वाहतुकीची शिस्त या विषयावर माझ्याइतकं बोलणारा माणूस ठाणे जिल्ह्यात नसेल. हेडलाइटचा अप्पर मारत येणारे, इंडिकेटर डावा देऊन उजवीकडे वळणारे, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून हॉर्नवर बसणारे, फुटपाथवर बाइक चढवून वर चालणाऱ्यालाच "ओ काका, साइड" म्हणणारे, रस्त्यात गाडी आडवी लावून वडापाव खायला उतरणारे, या प्रत्येकावर मी वेगवेगळ्या ग्रुपवर निबंध लिहिलेले आहेत. फोटोसकट. फक्त आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुभाजकाला कट नव्हता. माजिवड्याकडे जायचं तर आधी उलट दिशेला बरंच लांब जाऊन वळून यावं लागायचं. त्यामुळे तेवढ्या तुकड्यापुरता मी राँग साइडने जायचो. मी याला राँग साइड म्हणत नसे. मी 'कडेकडेने' म्हणत असे.

घरमालक रोज त्याच तुकड्यावर उभे असायचे. आणि कायम एकाच ठिकाणी. पुढे त्यांच्या सुनेने सांगितलं तेव्हा कळलं की तिथे त्यांच्या शेताचा बांध होता. एका बाजूच्या शेतावर आता मोठा टॉवर आहे, दुसऱ्या बाजूच्या शेतावरून रस्ता गेला, पण म्हातारा चालायचा तो अजून बांधावरूनच. मोकळा रस्ता असला तरी तिरका कधी ओलांडायचा नाही. सरळ जायचा, मधेच काटकोनात वळायचा, पुन्हा सरळ. जिथे नुसतं डांबर होतं तिथे एक पाय उचलून पलीकडे टाकायचा, जसं काही मधे पाण्याचा पाट आहे.

दुसरी सवय जास्त चमत्कारिक. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते येणार असले की खालच्या जिन्यापासूनच मोठ्याने हाक ऐकू यायची, "बऱ्यासाठी आयलू गंऽऽ!" चांगल्या कामासाठी आलोय, असं. मग प्रत्येक मजल्यावर एकदा. पाण्याची मोटर बंद करायला सांगायचं असो, सणाचं गोडधोड द्यायचं असो, आधी "बऱ्यासाठी आयलू." फोनवरसुद्धा हॅलो नाही. "बऱ्यासाठी फोन केला," आणि मग, "तुमचा नळ गलतंय." गावठाणात कोणाकडे हळद असली, डीजे लागला, सगळं गाव नाचायला लोटलं, तरी हे मांडवाच्या बाहेर, कोणी हाताला धरून आत नेईपर्यंत उभे. आणि ते रस्त्याने निघाले की ओट्यावर मासळी निवडत बसलेल्या बायांचे हात थांबायचे. ते पुढे गेले की पुन्हा चालू.

मी हे सगळं म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. माझ्या बायकोने सरळ सुनेला विचारलं.

"सांगावा नेतात ना बाबा," सून म्हणाली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "गावात कोण गेला, का घरच्यांना, नातेवाइकांना सांगायला बाबा जातात. त्यांचे वडील पण जायचे. चपला काढून इथे ठेवायच्या आणि चालत निघायचं. दारात जाऊन उभं राहायचं, उंबऱ्याच्या बाहेर. हाक नाय मारायची. पाणी नाय प्यायचं. म्हणून तर एरवी ओरडत जातात. नाहीतर लोक घाबरून मरतील ना, वहिनी!"

"चालत? लांब असलं तरी?"

"खडवलीला गेलेले एकदा. चालत."

"पण आता फोन आहेत की."

"फोन हायत," सून म्हणाली, "पण म्हाताऱ्या बाया ऐकत नाय."

आणि तिने गावातल्या एका आजीची गोष्ट सांगितली. तिचा भाऊ भिवंडीकडे गेला, अपघातात. सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचा हार घातलेला फोटो. नातवाने आजीला दाखवला. आजीने फोटो बघितला आणि पुन्हा कोळंबी सोलायला घेतली. लेकी रडतायत, शेजारी जमलेत, आजी सोलतेय. "सांगनारा आला नाय अजून," एवढंच म्हणे. दुपारी घरमालक दारात येऊन उभे राहिले, न ओरडता. आजीने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, हातातली कोळंबी ताटात ठेवली, आणि मग तिने जो गळा काढला तो म्हणे खाडीपलीकडे ऐकू गेला.

बायकोने हे मला सांगितलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण नंतर एकदा मोटर बिघडलेली, मी आणि घरमालक पंपाशी बसलेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "काका, निदान रिक्षाने तरी जात जा. चालत कशाला?"

ते पंपाकडेच बघत राहिले. म्हणाले, "मी पोचस्तवर त्या घरान तो जिता असतंय. रिक्षानं कशाला जाव?"

त्यानंतर त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या ध्यानात आला. राँग साइडने येणाऱ्या प्रत्येकाच्या मुठीवर हात ठेवून ते विचारत होते ते चौकशीसाठी नव्हे. कामासाठी. उद्या कोणाच्या दारात जायचं, हे ते आधीच विचारून ठेवत होते.

त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. शिवी नाही, काठी नाही, "दिसत नाय काय रे" नाही. एकदा एका मोठ्या काळ्या गाडीतला पोरगा, गाणी फुल, राँग साइडने हेडलाइट मारत आला. म्हातारा बांधावर उभा. पोरगा काच खाली करून ओरडला, "ओ अंकल, मरायचंय का? हटा ना यार!" घरमालक खिडकीशी गेले. त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातावर हात ठेवला. विचारलं. गाणी चालू असल्यामुळे त्याला ऐकू गेलं नसावं, म्हणून त्याने ती बंद केली. पुन्हा विचारलं.

"मम्मी," पोरगा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि छोटी बहीण."

"मम्मी कंय असते दुपारची?"

"घरीच."

"दार कोन उघरतंय?"

त्या पोराचा चेहरा मी बघितला. त्याने काच वर घेतली आणि तो सगळा तुकडा गाडी मागे घेत घेत गेला. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला, तरी तो मागेच जात राहिला.

आता घरमालक नाहीत, असं म्हणतात. आम्ही शहाडला स्वतःच्या जागेत राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी सुनेचा मेसेज आला. हार घातलेला फोटो, खाली हात जोडलेले. मी बायकोला दाखवला. तिने फोन हातात घेऊन नीट बघितला, परत दिला, आणि म्हणाली, "सांगायला कोणी आलं होतं का?" मी म्हटलं, कोण येणार? ते काम करणारे तेच होते. "मग बघू," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. अजून आमच्याकडे कोणी आलेलं नाही. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा विषय निघतो तेव्हा ती 'होते' म्हणत नाही. मलाही आता म्हणवत नाही.

पण मला सांगायचं ते त्याच्या आधीचं.

एव्हाना त्या प्रश्नाची मला धास्ती बसलेली. आणि धास्ती बसली की शहाणा माणूस लांबच्या कटवरून वळून येतो. मी काय केलं, तर वेग वाढवला. एका सकाळी ऑफिसात साहेबांनी लवकर बोलावलेलं, मी कडेकडेने सुसाट, आणि म्हातारा समोर. ब्रेक. मुठीवर गार हात.

"घरान कोन कोन..."

"कोणी नाही!" मी खेकसलो. "कोणी नाही घरात! एकटाच आहे मी! सोडा आता!"

त्यांनी हात उचलला. या वेळी 'बरं' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना मी दिसेनासा झालो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी राँग साइडने यायचो, ते उभे असायचे, मी जवळून जायचो आणि त्यांची नजर माझ्यातून आरपार मागच्या रिक्षावर. तिला थांबवायचे, मला नाही. जिन्यात समोरासमोर आलो तरी नमस्कार नाही. मी मुद्दाम खोकलो, भाडं हातात द्यायला गेलो, तर ते सुनेकडे बघून म्हणाले, "दार उघरं ऱ्हायलंय काय? वारा येतंय." आणि एकदा जिन्यात त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "एकटीच ऱ्हातेस नं बाय? दाराला कडी लावीत जा."

ती हसली. "अहो काका, एकटी कशी? तुमचे भाडेकरू आहेत की वर. घोरतायत."

"त्यानं तसं सांगलं नाय," ते म्हणाले आणि पाट ओलांडतात तसा पाय उचलून खाली गेले.

बायको वर आली ती थेट माझ्यापाशी. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"कुठे काय."

"माणूस असं उगाच बोलत नाही. त्यांची माफी माग. आणि आजपासून तू लांबून वळून जायचं."

मी हो म्हटलं. तिला एवढंच हवं होतं की कधीही ते म्हातारे हाक न मारता आपल्या दाराशी येऊ नयेत. ती तसं बोलून दाखवायची. दुपारी शिकवणीची मुलं गेली आणि जिन्यात पावलं वाजली की श्वास धरून बसायची, खालून हाक येईपर्यंत. हे सगळं माहीत असून मी लांबून वळून गेलो किती दिवस? पेट्रोल महाग आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

तो दिवस साधाच होता. मी काही कागद विसरलो म्हणून घरी आलेलो आणि दुपारी परत निघालो. घरमालक जेवायला गेलेले, बांध मोकळा. कडेला दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्यांपैकी एकीचं दार फाडकन उघडलं. मी हँडल वळवलं तर समोर डंपर. तो बिचारा त्याच्या बाजूने, त्याच्या हक्काने येत होता. दाराचा फटका खांद्याला बसला. स्कूटर डंपरच्या मागच्या चाकाखाली गेली आणि मी गटाराच्या कामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर. दारवाल्याने घाबरून मला उचललं, गाडीत कोंबलं, एका दवाखान्याच्या पायरीशी उतरवलं आणि तो जो पसार झाला तो आजतागायत. कपाळाला टाके पडले. मोबाइल स्कूटरच्या पुढच्या कप्प्यात होता, म्हणजे गेला. आणि एक बूट पायात नव्हता.

रिक्षाने गावठाणाच्या तोंडाशी उतरलो तेव्हा गल्ली गप्प होती. टीव्ही नाही, मिक्सर नाही, पोरं नाहीत. कोपऱ्यावरची मासळीवाली कोळीण माझ्याकडे बघून उभी राहिली आणि तिने टोपलीवर फडकं ओढलं. मी म्हटलं, पट्टी बघून घाबरली असेल. मी हसून हात केला. तिने तोंड फिरवलं. किराणावाल्याने शटर अर्धं खाली घेतलं. इमारतीच्या दारात सून होती. तिच्या हातातून बादली सुटली आणि पाणी माझ्या मोज्यावरून वाहत गेलं. तिच्या पायाशी, भिंतीला लागून, घरमालकांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चपटी झालेली स्कूटर लोकांनी ओळखली होती. शेजारी माझा बूट, आणि मी कुठेच नाही. आणि सांगावा निघाला होता. माझाच.

मी जिना चढलो, पळत नाही, पळवेना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो आणि वर दिसले ते त्यांचे अनवाणी तळवे. ते आमच्या दारात उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर, तोंड चौकटीकडे, पाठ माझ्याकडे. त्यांच्या खांद्यावरून बायकोचा नुसता कपाळाचा भाग दिसत होता.

"काका," ती म्हणत होती. "तुम्ही खालून हाक का नाही मारलीत? काका, हाक का नाही मारलीत?"

"घरान कोन कोन हाय?"

"मी आहे. पोरगी शाळेत गेलीय. काय झालंय ते बोला."

"तो बोल्ला, घरान कोन नाय." आवाज तोच, आजारी माणसाच्या खोलीतला. "एकटाच हाय, बोल्ला. मंग तू कोन?"

मला ओरडायला हवं होतं. 'मी इथे आहे' एवढंच. पण खरं सांगायचं तर, तिचं उत्तर ऐकायला मी थांबलो. माझ्या पश्चात ती माझी कोण, हे ऐकायची संधी किती नवऱ्यांना मिळते?

ती खूप वेळ गप्प होती. इतका वेळ, की खालच्या नळाचं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

"मी त्याची बायको," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने श्वास आत घेतला, सांगायला. मी पुढची पायरी चढलो आणि ओला मोजा सटकला. धप्प आवाज झाला. घरमालक वळले नाहीत. चौकटीकडेच बघत म्हणाले,

"मागं कोन हाय?"

तिने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ती किंचाळली नाही.

"त्याचे पाय बघ," ते म्हणाले. "सरळ हायत?"

तिने नीट, खालपर्यंत पाहिलं. "सरळ आहेत. एकाच पायात बूट आहे."

मग ते वळले. बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा त्यांची नजर माझ्यापाशी थांबली. राग नव्हता, आनंदही नव्हता. भरलेली घागर डोक्यावर असताना कोणी वाट अडवावी तसा त्यांचा चेहरा. "सांगलं नाय अजून," ते मला म्हणाले. "तोंडानच हाय." आणि ओठ गच्च मिटून माझ्या बाजूने खाली उतरले. तोंडातला सांगावा परत गिळता येत नसावा. सून सांगत होती, तसेच अनवाणी ते खाडीवर गेले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि काहीतरी बोलले. एकदाच. मग चूळ भरून घरी आले आणि अर्धवट टाकलेलं जेवण जेवले.

म्हणजे खाडीला मी मेल्याचं कळवलेलं आहे. तिला कोणी नंतर जाऊन खरं सांगितलं असेल, असं वाटत नाही. बाळकुम सोडेपर्यंत ती कोपऱ्यावरची कोळीण मला मासळी द्यायची, भाव करू द्यायची, पण पैसे हातात घ्यायची नाही. टोपलीच्या कडेला ठेवायला सांगायची.

त्या दुपारी बायकोने चहा केला. मी कपाळाची पट्टी सांभाळत बसलेलो. ती समोर बसली, माझ्या पायातला एकुलता एक बूट तिने काढून घेतला आणि हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. मग माझ्यातला आगाऊ माणूस जागा झाला.

"काय गं," मी म्हटलं, "तू कोण, एवढं विचारलं त्यांनी. बायको म्हणायला इतका वेळ?"

"विचार करत होते," ती म्हणाली.

"कसला?"

"उलट्या बाजूने गाडी घालून मेलास, हे तुझ्या आईला डोंबिवलीला जाऊन मलाच सांगावं लागणार होतं. लाज न वाटता कसं सांगायचं, ते काही केल्या जुळत नव्हतं."